सही-शिक्क्याचा सूड

भाटकर सरांच्या शोकसभेत अध्यक्षस्थानी अण्णा होते. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर ज्यांची दोन हॉटेलं आहेत ते अण्णा. त्यांनी शाल सावरली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सरांनी आयुष्यात कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही." लोकांच्या माना हलल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या तोंडून "खोटं!" निघता निघता राहिलं, कारण शेजारी बायको होती आणि तिने माझा हात दाबून धरला.

सरांनी पुष्कळांचं वाईट चिंतलं. नावानिशी चिंतलं, तारीखवार चिंतलं, आणि त्या यादीत सगळ्यात वर कुणाचं घर होतं हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे. माणूस गेला की त्याला गुळाच्या पाकात बुडवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. सरांच्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही. त्यांचा राग ही त्यांची कमाई होती, आणि ती त्यांच्याच नावावर राहिली पाहिजे.

सर आमच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षक होते. काडीसारखी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, खिशात एक पेन आणि टायरची नक्षी मोजायची छोटी पट्टी. घरी पाहुणा आला तर त्याच्याआधी त्याच्या गाडीचे टायर बघायचे. टायरच्या अंगावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तो किती वेगापर्यंत टिकेल ते. सर वाकून, चष्मा कपाळावर चढवून ते वाचत, आणि मग पाहुण्याला विचारत, "हां, कसे आहात?" माझ्या लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते माझ्या बायकोशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "मागचं डावं चाक बदला हो ताबडतोब."

वेगाची मर्यादा हा त्यांचा आवडता पाठ. महागड्या वेगवान गाड्यांना कारखान्यातच वेगाचा लगाम घालून पाठवतात, हे त्यांनी मुलांना जसं शिकवलं तसं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. "गाडीत ताकद तीनशेची," ते सांगत, "पण बनवणाऱ्याने तिच्या संगणकाला सांगून ठेवलंय, अडीचशे झाले की आवर. पोरगा तिसऱ्या मोदकाला हात घालतो तेव्हा त्याची आवस ताट उचलते ना, तसं. पोराला भूक आहे, नाय असं नाय. पण आवशीला त्याचं पोट ठाऊक आहे." मग एखादा विचारायचा, सर, तो लगाम काढता येतो का? "येतो. कुठलीही गोष्ट काढता येते. आधी टायर काय म्हणतात ते वाच."

आणि वाचायचं म्हणजे मोठ्याने वाचायचं. ही त्यांची शिस्त. मुलाने काम केलं की जॉब कार्डावर लिहायचं, काय सापडलं, काय केलं, काय केलं नाही. आणि सगळ्यांसमोर उभं राहून ते खणखणीत वाचायचं. सर म्हणत, "मनात वाचताना माणूस स्वतःला सवलत देतो." निवृत्तीनंतर त्यांनी एमआयडीसीत शेड घेतली, लॅपटॉप आणि तारा आणल्या, आणि अशा संगणकाच्या गाड्या बघणारे जिल्ह्यात ते एकटेच झाले. तिथेही नियम तोच. गिऱ्हाईक डॉक्टर असो की आमदाराचा मेव्हणा, आपलं जॉब कार्ड त्याने स्वतः मोठ्याने वाचायचं, सही करायची, मग चावी. एक प्रत फळ्यावर लागायची.

डूख धरणं हा शब्द आपण सहज वापरतो. सरांनी ते काम नोकरीसारखं वेळेवर केलं. एक प्राचार्य होते. त्यांनी सरांची बढती अडवून स्वतःच्या माणसाला दिली होती. सहा महिन्यांनी वरून पत्र आलं, संस्थेच्या वाहनांना वेगनियंत्रक बसवावेत. पत्र पुष्कळ ठिकाणी गेलं असेल आणि पुष्कळ ठिकाणी फायलीत पडलं असेल. सरांनी ते त्याच दिवशी अमलात आणलं. प्राचार्यांच्या जीपला नियंत्रक बसवला, नियमात बसेल तेवढा कमी आकडा लावला, त्यावर शिशाचं सील मारलं आणि सीलवर सही. त्यानंतर प्राचार्य कोल्हापूरच्या प्रत्येक बैठकीला उशिरा पोचले. चिडून त्यांनी जाब विचारला तेव्हा सरांनी पत्राची प्रत पुढे केली. "मोठ्याने वाचा," म्हणाले.

"नियमाबाहेर मी कधी सूड घेतला नाय," ते मला एकदा म्हणाले होते. "सूड घ्यावा तर सही-शिक्क्यासह घ्यावा. मग तो कुणाला परत घेता येत नाय."

हे ऐकून मी हसलो होतो. पुढे माझी पाळी आली.

त्याआधी वहिनींविषयी सांगायला हवं. सुधावहिनी, सरांची बायको. सर जितके कडक तितक्या त्या मोकळ्या. रत्नागिरीतल्या निम्म्या बायका स्कूटर चालवायला त्यांच्याकडे शिकल्या आहेत, माझी बायको त्यातलीच. शाळेच्या मैदानावर सकाळी साडेसहाला वर्ग. साडी, वर सरांचा जुना खाकी शर्ट आणि पायात बूट. वळायचं कसं याचा त्यांचा एक मंत्र होता आणि तो त्या प्रत्येकीकडून म्हणवून घेत: "आधी मान, मग हात, मग चाक." मान वळवून मागे बघ, हात दाखव, मग चाक वळव. माझी बायको अजून स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याकडे वळतानासुद्धा आधी मान वळवते. "गो, रस्त्याला घाबरू नको," वहिनी सांगत, "रस्त्याला दिसत राहा."

त्या वहिनींना सड्यावर गाडीने उडवलं.

आमच्याकडे सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथला रस्ता सरळसोट, म्हणून बिघडलेली पोरं तिथे गाड्या पळवतात. अण्णांचा मुलगा रोहन मुंबईहून निळी जर्मन गाडी घेऊन आला होता. वहिनी गावाकडच्या फाट्याला वळत होत्या. गाडीने स्कूटरला मागून फेकलं आणि गाडी पुढे जाऊन दगडी गडग्यावर आदळली, तिथेच बंद पडली. वहिनी वाचल्या. कमरेचं हाड गेलं, उजवा पाय कामातून गेला, आणि त्या दिवसाची सगळी आठवण गेली.

रोहनने पोलिसांना सांगितलं, मी साठच्या वर नव्हतो, बाई न बघता आडवी आली.

आता इथे गावाने जे केलं ते दुसरीकडे कुणी करणार नाही. वहिनींचं माहेर आणि अण्णांचं घर एकाच गावचं. ग्रामदेवतेच्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून जो बोलेल त्याचं खरं, आणि एकदा पायरीवर बोलणं झालं की तो विषय पुन्हा काढायचा नाही, ही तिथली रीत. काढला तर तुम्ही माणसाला नाही, देवाला खोटं म्हणता. सर वहिनींना घेऊन कोल्हापूरच्या इस्पितळात असताना गावकी बसली. रोहनने पायरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी साठच्या वर नव्हतो. बाई आडवी आली." वहिनींच्या भावांनी नमस्कार केला आणि पोलिसांना लिहून दिलं, आमची तक्रार नाही. सरांना हे नवव्या दिवशी फोनवर कळलं.

मग रत्नागिरीत काय व्हायचं ते झालं. दुसऱ्यांना शिकवत होती आणि स्वतः न बघता वळली, लोक म्हणाले. मैदानावरचा वर्ग बंद पडला. पण सरांना खरं लागलं ते वेगळंच. वहिनी स्वतःच म्हणू लागल्या, "मीच बघितलं नसेल हो. वय झालं. मानच वळवली नसेल." रोज संध्याकाळी त्या हाच विषय काढत. आठवत नव्हतं म्हणून त्यांना दुसऱ्याच्या तोंडचं खरं धरावं लागत होतं. सर मला म्हणाले, "पाय मोडला तो हाडाचा डॉक्टर बघेल. ही मान कुणी मोडली ते मी बघणार."

आणि माझी पाळी ती ही. मी विम्याच्या गाड्यांची पाहणी करतो. त्या निळ्या गाडीची पाहणी मी केली होती आणि अहवालात लिहिलं होतं, "स्कूटर अचानक आडवी आल्याने". पोलीस जबाबातून उचललेलं वाक्य, रोज दहा वेळा लिहितो तसलं. अहवालाची प्रत विम्याचं बघणाऱ्या सरांच्या वकिलाकडे गेली. सरांनी मला शेडवर बोलावलं, स्टुलावर उभं केलं आणि कागद हातात दिला. "वाच. मोठ्याने."

मी वाचलं.

"तू तिथे होतास?"

"नाही सर."

"मग 'अचानक' हा शब्द कुणाचा?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. सर त्यांना रोज शेडवर आणत, फोन घ्यायला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. सर म्हणाले, "ह्या कागदात एकच गोष्ट तुझी स्वतःची आहे, मीटरचा आकडा. तो तू डोळ्याने बघून लिहिलास. पंचनाम्यातही तोच आहे. तेवढा मी ठेवून घेतो. बाकीचं तू घेऊन जा आणि जप."

अकरा हजार चारशे ब्याऐंशी किलोमीटर. पंचनाम्याची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून सरांनी टेबलाच्या खणात ठेवली, आणि दोन वर्षं वाट बघितली. त्यांनी रोहनला बोलावलं नाही, अण्णांकडे गेले नाहीत. रस्त्यात अण्णा भेटले तर नमस्कारही केला. मी एकदा न राहवून विचारलं तेव्हा म्हणाले, "येईल. त्या गाडीचं पोट उघडणारा इथे दुसरा कोण आहे?"

"पण तुमच्याकडे कसा येईल तो?"

"मिटलंय ना त्याच्या लेखी! पायरीवर मिटलंय. नाय आला तर लोक म्हणतील, मनात काळं आहे."

आणि आला. गाडी घेऊन, अण्णांना बरोबर घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन. वहिनींच्या पाया पडला. मला वाटलं सर आता पाना फेकून मारतील. सरांनी वाकून टायर वाचले.

तक्रार अशी: गाडी एकशेसाठच्या पुढे जात नव्हती. "अडीचशेची गाडी आहे सर," रोहन म्हणाला, "एकशेसाठला कुणीतरी मागून धरल्यासारखी होते. मोकळी करून द्या." सरांनी तारा जोडल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तासभर मान वर केली नाही. मी तिथेच होतो. मला त्यांनी सकाळी फोन करून बोलावून घेतलं होतं. पुढे त्यांनी मला समजावलं ते सोपं होतं. अपघाताच्या आधीच आपल्या खड्ड्यांनी गाडीचे मूळचे टायर फुटले तेव्हा रोहनने स्वस्तातले घातले होते. त्या टायरवर एकशेसाठचं अक्षर, म्हणून कंपनीच्या वर्कशॉपने संगणकात लगाम एकशेसाठवर आणून ठेवला होता. आणि त्या जातीच्या गाडीचा संगणक प्रत्येक वेळी लगाम लागला की मीटरचा आकडा लिहून ठेवतो. बंपर बदलला, दिवे बदलले, संगणकाला कुणी हात लावला नव्हता.

सरांनी जॉब कार्ड लिहिलं. शांतपणे, सुवाच्य. "वाच आणि सही कर."

रोहन हसत उभा राहिला. सगळी गिऱ्हाइकं वाचतात हे त्याला माहीत होतं. "वेगमर्यादा ताशी एकशेसाठ, टायरनुसार. टायर तेच असल्याने मर्यादा काढलेली नाही." इथे त्याने तोंड वाकडं केलं, पण वाचत राहिला. "मर्यादा लागल्याच्या नोंदी चार. नऊ हजार दोनशे सात. दहा हजार नऊशे साठ. अकरा हजार चारशे ब्याऐंशी. चौदा हजार तीनशे पंधरा." सही केली.

"आता हे," सर म्हणाले आणि खणातलं पाकीट पुढे केलं. "खूण केलेली ओळ."

"वाहनाचे मीटर वाचन अकरा हजार चारशे..."

तो थांबला. शेजारच्या गाडीखालून दोघे मेकॅनिक बाहेर येऊन बसले होते.

अण्णा पुढे झाले. "सर, हे मिटलंय. देवासमोर मिटलंय. तुम्ही परत काढू नका."

"मिटलंय, होय," सर म्हणाले. "मी कुठे काय काढलं? दोन वर्षांत माझ्या तोंडून अवाक्षर ऐकलंत? वाचतोय तो."

"एका किलोमीटरात स्पीड खाली येतो, सर," रोहन घाईने बोलला. "असेन मी एकशेसाठला, पण त्यांच्याजवळ पोचेपर्यंत ब्रेक..." आणि त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. पायरीवर हात ठेवून तो जे म्हणाला होता ते आता त्यानेच मोडलं होतं, बापसासमोर.

सर काही बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. दोन वर्षं घोटून ठेवलेलं काहीतरी असणार. पण कोपऱ्यातून वहिनी बोलल्या. त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"परत वाच."

रोहनने सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"मोठ्याने वाच. मला नीट ऐकू आलं नाय," वहिनी म्हणाल्या.

त्याने परत वाचलं. दोन्ही कागद. वहिनींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "परत." तिसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज फुटला आणि अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. मला आनंद झाला. चांगल्या माणसाने हे लिहू नये, पण अगदी मनापासून आनंद झाला, आणि आज लिहितानाही होतोय.

"आठवत नाय, तरी सांगते, बघितलं होतं मी," वहिनी सरांना म्हणाल्या. "मागे कुणी नव्हतं. हा नंतर आला, एकशेसाठने." मग रोहनला म्हणाल्या, "पेढे घेऊन जा."

सरांनी चावी दिली. नियमाप्रमाणे. एक प्रत पोलीस ठाण्यात दिली, पोच घेतली. एक वकिलाला दिली. केस उभी राहिली आणि अजून चालू आहे. एक प्रत फळ्यावर लागली. आठवडाभर शेडसमोर स्कूटरींची रांग लागत होती. बायका उतरायच्या, फळ्यासमोर उभ्या राहायच्या आणि ते चार आकडे मोठ्याने वाचायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोने वाचलं आणि घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गावात खळबळ झाली. देवाला फसवलं म्हणजे काय! शिमग्याला अण्णांच्या दारात पालखी न्यायची नाही असं काही जण बोलू लागले. सर म्हणाले, "ते नियमात बसत नाय. पालखी जाऊ दे. मी गाऱ्हाणं ऐकायला येतो." पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, टेकली, सगळा गाव जमला, गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं: "देवा महाराजा, कुणाच्या हातून जाणता अजाणता चूक घडली असेल तर..." आणि मागून सर कडाडले, "कुणाच्या म्हणजे? नाव घ्या, गुरव!"

गुरवाने अण्णांकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि नाव घेतलं. रोहनचं, त्याच्या बापसाचं, आणि वहिनींच्या दोन्ही भावांचंही. सरांनी यादी लिहून आणली होती.

असा माणूस. आणि अण्णा म्हणतात, कुणाचं वाईट चिंतलं नाही! पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्या वाक्याला त्यांनी मान वळवून सावकाश अण्णांकडे बघितलं. अण्णांचं पुढचं भाषण आटोपतं झालं.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधी महिनाभर. मी सड्यावरून येत होतो. पुढे ती निळी गाडी होती, आणि तिच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेने, वहिनींची दुरुस्त केलेली स्कूटर. सर चालवत होते, चाळीसच्या काट्यावर. मागे वहिनी, त्यांची कुबडी दोरीने बाजूला बांधलेली. समोरून काही येत नव्हतं. अर्धा रस्ता मोकळा पडला होता. निळी गाडी पुढे गेली नाही. हॉर्न नाही, दिवा नाही. फाटा येईपर्यंत ती चाळीसने मागे मागे येत राहिली, आणि तिच्या मागे मी.

फाट्याला वहिनींनी मान वळवली. मागच्या गाडीच्या काचेतून आत बघितलं, हवा तितका वेळ. मग हात बाहेर काढला. निळी गाडी जागच्या जागी थांबली. मग सरांनी चाक वळवलं.